आतली कडी

सुकलूने मोहाचं शेवटचं टोपलं बांबूने विणलेल्या ढोलीत उपडं केलं, वरून गोधडी दाबली, गोधडीवर ओलं शेण थापलं आणि मग आपलाच तळहात नाकाशी नेऊन हुंगला. शेण फुकट गेलं होतं. वास ढोलीतून येत नव्हता, सुकलूतून येत होता. पहाटेपासून झाडाखाली वाकून फुलं वेचलेली, दुपारभर अंगणात वाळवलेली. बोटं चिकट, नखं चिकट. त्याने हात शेल्याला पुसले. त्यामुळे इतकंच झालं की वास शेल्यालाही लागला आणि हातावरचाही गेला नाही.

"हत्ती नाल्यात उतरले," बाहेरून कोणीतरी ओरडत गेलं. "जंगलाच्या गार्डाचा फोन आला. मोहा घरात ठेवू नका म्हन्ते. सारे शाळेच्या स्लॅबवर चाला!"

मोहा घरात ठेवायचा नाही, तर कुठे ठेवायचा, हे गार्डाने सांगितलं नव्हतं. त्यामुळे टोल्यातल्या, त्या लहानशा वस्तीतल्या प्रत्येकाने तो घरातच ठेवला, आणि शेजाऱ्याने तरी बाहेर टाकला असेल अशी मनात आशा धरली. गेल्या साली हत्तींनी घरं कशी निवडून फोडली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणाच्या घरात किती धान, किती मोहा, हे सख्ख्या भावाला कळू न देणारी माणसं. पण हत्तींनी भिंतीबाहेर उभं राहून सगळं ओळखलं होतं.

सुकलू टोल्याचा गायता, म्हणजे गावदेवाचा पुजारी. त्याने देवाची घंटा आणि मोरपिसांचा झुपका कोऱ्या फडक्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि शाळेकडे निघाला. पाय भराभर पडत होते. देव डोक्यावर असताना धावू नये म्हणून तो धावत नव्हता, एवढंच.

शाळेला जिना नव्हता. स्लॅबला बांबूची शिडी लावली होती आणि तिच्यावर अर्धा टोला लोंबकळत होता. सुकलूने देव वर नेऊन ठेवला आणि घरच्यांसाठी खाली उतरला. तो पुन्हा चढणार, तर त्याची बायको धुरपता शिडीच्या मधोमध थांबली. तिचे गुडघे कुरकुरायचे, लोकांना वाटलं तेच कारण.

"चढ ना वो काकी! हत्ती का तुही वाट पायतीन?" खालून मनकू ओरडला. मनकू जवान गडी, पण आवाज बारीक झाला होता.

धुरपता मागे वळली. "करिश्मा कुठी हाय?"

 कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. करिश्मा त्यांची सून, आणि ती परवापासून कुर्म्यात बसली होती. महिन्याच्या त्या दिवसांत टोल्यातल्या बाया घराबाहेर, वस्तीच्या कडेच्या कुर्म्याच्या झोपडीत राहायच्या. झोपडीभोवती दगडांची एक ओळ होती. पुरुषाने ती ओलांडायची नाही, झोपडीला हात लावायचा नाही. लावला, तर नवा चांद दिसेपर्यंत देवाला शिवायचं नाही. हात लावायचा नाही म्हटल्यावर छप्पर कोण शाकारणार, भिंत कोण लिंपणार? बायाच. आणि बायांकडून दार काही घडलं नव्हतं, म्हणून दाराच्या जागी पोत्याचा पडदा होता. झोपडी नाल्याच्या बाजूला होती. हत्ती उतरले होते तोच नाला.

"तिले सांगाले कोन गेलं?" धुरपताने विचारलं.

"फोन कर ना," सुकलू म्हणाला.

"फोन इथीच शाळेत चार्जिंगले लावला हाय तिचा."

"देव वर आला हाय, धुरपता. ती इथी कशी चढन?"

"मी कुठी म्हनलं इथी चढव? सांगून तं ये." धुरपता शिडीवरून तसूभर हलली नाही. तिच्या वरचे चढून गेले, खालचे खालीच अडले. "पोरगा तेलंगनात मिरच्या तोडून राह्यला, आपल्या भरोशावर ठेवून गेला तिले. देव तं पोचला वर. सून कोनाची हाय?"

खालून लेकरं रडायला लागली. सुकलूने स्लॅबकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. दगडांच्या अलीकडून हाक मारायला कोणाची ना नव्हती. हाक मारायची आणि परत यायचं. एवढा हिशेब त्याने जमवला आणि निघाला. तो दहा पावलं जातो तोच मागे शिडी भराभर हलू लागली.

दिवस मावळत होता. वस्ती संपली तसा आवाजही संपला. कोंबड्या नाहीत, कुत्री नाहीत. कुत्री माणसांच्या आधी गेली होती. मोहाच्या पानगळीवर त्याची पावलं वाजत होती आणि दर पावलाला आपलं पाऊल कोणीतरी ऐकतं आहे असं त्याला वाटत होतं.  हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज काढायचा धीर होईना. हत्तीला ऐकू गेलं तर? तो न बोलताच चालत राहिला.

या वाटेने तो रोज बकऱ्या घेऊन जायचा. करिश्मा कुर्म्यात असली की झोपडीबाहेर मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली दिसायची. ती पोंभुर्ण्याकडची. तिकडे गोंडांच्या घरीही हे कुर्मा-बिर्मा फारसं उरलं नव्हतं. बी.ए. झालेली, भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. लग्नानंतर पहिल्यांदा झोपडीत बसली तेव्हा तिने दगडांपलीकडून त्याला सांगितलं होतं,

"मामाजी, इंग्रजीत याले हट म्हन्ते."

"हट? आमी तं कुत्र्याले म्हनतो."

ती हसली होती. "आमच्या कॉलेजच्या मॅडमनं सांगतलं होतं. हा शब्द आधी जर्मनीकडं होता, तिथून फ्रान्समंधी गेला, मंग इंग्रजाच्या फौजेनं उचलला. शिपाई रानात तळ ठोकत, तवा बांधत ते खोपटं. अन् त्याच्याही मांगं गेलं, तं मूळ अर्थ झाकनं, लपवनं. लपन्याचा इंग्रजी शब्दही त्याच खानदानातला म्हन्ते."

"मंग बरोबर हाय," सुकलू म्हणाला होता. बायांनी लपून बसायचं, हे त्याला शब्दाच्या खानदानापर्यंत जाऊन पटलं.

"पन लपनारं आत राहते का लपवनारं बाहीर राहते, थे मॅडमनं नाई सांगतलं."

सुकलूने बकऱ्यांना हाकललं होतं. मागच्या खेपेला तिने दार मागितलं.

"मामाजी, पोत्याच्या ठिकानी एक दार लावून द्या ना. साधं चालन."

"दार लावाचं तं हात लावा लागते, पोरी. कोन लावन? अन् पायजे कायले? गावातला मानूस दगड ओलांडत नाई. तिकडं कोन येते?"

तिने पुस्तकाचं पान उलटलं होतं फक्त.

दगडांची ओळ आली. झोपडी अंधुक उजेडात बुटकी दिसत होती, पडदा हलत होता. सुकलू ओळीशी थांबला आणि त्याचं पाऊल एका वाळक्या काटकीवर पडलं.

"कोन हाय?"

आवाज करिश्माचाच, पण ओळखू येऊ नये असा. पडदा एका बाजूने सरकला आणि विळ्याचं पातं आधी बाहेर आलं. मग हात. विळा घट्ट धरलेला.

"मी, पोरी. मी," सुकलू दबक्या आवाजात म्हणाला. "हत्ती आले. नाल्यात हायेत."

विळा खाली आला. अंधुक उजेडातही त्याला दिसलं, पोरीने सोडलेला श्वास सुटकेचा होता.

"हत्ती होय," ती म्हणाली. "मले वाटलं..." आणि पुढचं तिने गिळलं.

हत्ती होय! जसं कोणी म्हणावं, पावणे होय. सुकलूला वाटलं, पोरीला समजलंच नाही. "निघ इथून! वावरातल्या राखनीच्या माऱ्यावर चढून बस, उंच हाय. चाल लवकर."

"मी नाई येत. इथीच बरी हावो." ती पडद्याआडून बोलत होती, भराभर पण शांत. "मांगच्या साली बी याच वाटेनं आले. साऱ्या बाया सांगतेत. घरं फोडली, हे खोपडं सोडलं. कायले फोडतीन? इथी धान नाई, मोहा नाई, मीठ बी पळसाच्या पानावर मोजून येते. तुमीच तं काई ठेवू देत नाई इथी."

नाल्याच्या बाजूला बांबू मोडला. एक मोठा आवाज, मग लहान लहान, जसं कोणी बांबूचं बेटच्या बेट मुठीत धरून चुरगाळत होतं. सुकलू वळला. ज्या वाटेने तो आला होता त्या वाटेवर, मोहाच्या झाडांच्या मध्ये, आता एक झाड जास्त होतं. ते हललं.

 चिंचेचं झाड डावीकडे, पण दूर. वस्ती समोर, पण मध्ये ते.

"मामाजी," करिश्मा कुजबुजली. "आत या."

"मी गायता हाय, पोरी."

"मंग हत्तीले सांगा."

तो दगडांशी उभाच राहिला. पुढचा पाय उचलेना, मागचा पाय टिकेना. मग वारा फिरला. करिश्माने नाक वर केलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा खरोखर घाबरला.

"तुमाले मोहाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "पुरा वास येते तुमाले!"

त्याला समजायला क्षणभर लागला. झोपडीत मोहा नव्हता म्हणून झोपडी वाचत होती. आणि तो मोहा होऊन दारात उभा होता.

"जातो मी," त्याने म्हटलं. पण कुठे जातो ते त्याला सुचेना, पायांना तर नाहीच.

करिश्मा पडदा सारून बाहेर आली. विळ्याच्या टोकाने तिने त्याच्या खांद्यावरचा शेला ओढला, गोळा केला आणि अंगातली सगळी ताकद लावून दूर दगडांपलीकडे भिरकावला. "सदरा बी!" सदरा गेला. मग तिने त्याचं मनगट धरलं. सुनेने सासऱ्याला शिवण्याची रीत त्यांच्यात एरवीही नव्हती. तिने त्याला ओढत ओळीच्या आत, झोपडीत घेतलं, चुलीशी बसवलं, चुलीतली राख दोन मुठी त्याच्या हातांवर टाकली आणि गाडग्यातलं पाणी ओतलं.

"घासा. कोपरापर्यंत. नखं बी."

सुकलू घासत राहिला. कुर्म्याची राख, कुर्म्याचं पाणी, कुर्म्यातल्या बाईच्या हातचं. एकेका गोष्टीची भीती एकेका वेळी वाटावी, तशी सवड नव्हती. सगळ्या भीत्या एकदम आल्या आणि दारात एकमेकींना अडून राहिल्या. तिने उरलेली राख त्याच्या छातीला, मानेला फासली. मग दोघं मागच्या भिंतीला टेकून बसले, तिच्या पुस्तकांच्या पिशवीशेजारी.

आवाज फार नव्हता, हेच वाईट होतं. एवढं मोठं जनावर, पण पाऊल वाजत नव्हतं. पोटात गुरगुरल्यासारखं काहीतरी जमिनीतून येत होतं, ते कानाला नव्हे, टेकलेल्या पाठीला ऐकू येत होतं. मग दगडांजवळ फडकं फाटल्याचा आवाज झाला. शेला. तो चावून पाहिला जात होता.

पोत्याचा पडदा खालून उचलला गेला.

सोंड आत आली. टोक ओलं, बोटासारखं हलणारं. ती भुईवरून सरकत चुलीशी गेली, राखेवर फुंकर पडली आणि राख उडाली. गाडग्याच्या काठावर थांबली. पिशवीवर गेली, पुस्तकं चाचपली. आणि मग सुकलूच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन टेकली. श्वास गरम होता. करिश्माने तोंडात पदर कोंबला होता. सुकलूला खोकला आला आणि त्याने तो छातीतच मारला. त्याला नवस सुचेना. जन्मभर गावासाठी देवाशी बोललेला माणूस, त्याला आता देवाचं नावही आठवत नव्हतं. डोक्यात एकच होतं, वास, वास, वास.

सोंडेने त्याचा अंगठा दाबून पाहिला. राखेत घासलेल्या म्हाताऱ्या माणसात काही घेण्यासारखं नाही, असं तिला दिसलं असावं. ती मागे गेली. पडदा खाली पडला.

थोड्याच वेळात वस्तीकडे पत्रा कडाडला. स्लॅबवरून ताटं वाजली, फटाके फुटले, लेकरं ओरडली. पत्र्याच्या त्या आवाजावरून सुकलूने आपलं घर ओळखलं. इतर कोणाच्या घरावर तेवढा जाड पत्रा नव्हता.   कळप वस्ती ओलांडून पलीकडच्या रानात उतरला आणि ताटं थांबली, तेव्हा करिश्मा उठली, पडद्यातून बाहेर पाहून आली.

"बॅटऱ्या येऊन राह्यल्या. तुमी निघा, मामाजी. चिंचेखाली जाऊन बसा. झाडावर होतो म्हना."

तो बसूनच होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "मी कोनाले नाई सांगत."

लोकांनी त्याला चिंचेखाली धरलं, उचललं, पाणी पाजलं. या वयात चिंचेवर चढला म्हणून मनकूने त्याची पाठ थोपटली, आणि सकाळ व्हायच्या आत ती चिंच दोन हात उंच झाली. सून सुखरूप आहे, हे धुरपताने दगडांपाशी जाऊन स्वतः पाहिलं. मग ती नवऱ्याजवळ येऊन बसली आणि तिने एकदा खोल श्वास घेतला.

"मोहाचा वास नाई येत तुमाले," ती म्हणाली.

सुकलूने हात पाठीमागे घेतले.

"शेला कुठी गेला?"

"हत्तीनं नेला."

हे खरं होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

सकाळी घर पाहिलं. मागची भिंत पूर्ण गेली होती, ढोली चिरडलेली, मोहाचं एक फूल शिल्लक नव्हतं. पुढचं दार मात्र चौकटीत उभं होतं, कडीकुलूप लावलेलं. हत्तींना दाराची रीत माहीत नसते. सुकलूने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, दार ढकलून उघडं केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाजूने चालत गेला असता तरी चाललं असतं.

"गायता!" शाळेकडून मनकूची हाक आली. "देव उतरवाले या ना जी! आमी कसे हात लावू?"

सारा टोला शिडीखाली जमला होता. वर स्लॅबवर फडक्यात बांधलेला देव उन्हात बसला होता. सुकलूने शिडीच्या पहिल्या पायरीला हात घातला. तळहाताच्या रेघांमध्ये राख बसली होती, रात्री धुऊनही न गेलेली. कोणालाच माहीत नव्हतं. पोरगी सांगणार नव्हती. धुरपता विचारणार नव्हती. पण देव दूर असता तर गोष्ट वेगळी. तो वरून थेट पाहत होता, आणि सुकलूला त्याचं नाव आता पुन्हा आठवत होतं.

त्याने हात काढून घेतला.

"तूच उतरव, मनकू. फडक्यासकट धर."

"काऊन गा? हाताले का झालं?"

"नवा चांद दिसू दे. मंग पाहू."

टोल्यात नव्या चांदापर्यंत थांबावं लागावं अशी एकच गोष्ट होती. कोणीतरी हसणार होतं, पण हसू तोंडातच राहिलं. मनकूने मान खाली घातली. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले, आणि दंडाची, शुद्धीचं पाणी शिंपायची गोष्ट आज काढावी की उद्या, हे ठरवत राहिले. सुकलू त्यांच्यासाठी थांबला नाही.

घरी येऊन त्याने चौकटीतून दार उतरवलं. हात विटाळलाच होता. चांद दिसेपर्यंत तो तसाच राहणार होता, आणि तोवर टोल्यात असा एकच पुरुष होता ज्याला कुर्म्याला हात लावून आणखी काही गमवायचं नव्हतं. विटाळ पदरात पडलाच आहे, तर तो वाया का घालवा? दार डोक्यावर घेऊन तो निघाला. मागून धुरपता लंगडत आली.

"बिजागऱ्या इथीच राह्यल्या," ती म्हणाली आणि हातोड्यासकट त्या त्याच्या हातात कोंबून परत गेली.

दगडांच्या ओळीशी तो दिवसाउजेडीही क्षणभर थांबलाच. मग ओलांडली. करिश्मा बाजूला उभी राहून पाहत होती. त्याने पोतं फाडून काढलं, खांबाला बिजागरी धरली आणि पहिला खिळा ठोकला. दार झोपडीला मोठं होत होतं. खालून जमीन थोडी खोदावी लागली.

"यानं हत्ती नाई थांबत," काम करता करता तो म्हणाला. "सोंड बी नाई थांबत. पन असू दे."

"मी हत्तीसाठी नव्हतं मागतलं, मामाजी."

"मंग? बिबट?"

तिने भुईवरचा एक खिळा उचलून पुढे केला. सुकलूने तो बोटांत धरला, आणि त्याला विळ्याचं ते पातं आठवलं. वाळक्या काटकीचा आवाज. कोन हाय. आणि मग तो श्वास, हत्ती आहे कळल्यावर सोडलेला.

"गावातला मानूस दगड ओलांडत नाई," तो म्हणाला. म्हणाला की विचारलं, हे त्यालाही कळलं नाही.

"दिवसा नाई ओलांडत," करिश्मा म्हणाली.

हातोडा तसाच वर राहिला. सुकलूने वळून वस्तीकडे पाहिलं. शाळेसमोर माणसं अजून उभी होती, लांबून सगळी सारखीच दिसणारी. कालच्यापेक्षा थंड असं काहीतरी त्याच्या पाठीतून उतरत गेलं. काल निदान कोण आहे ते ठाऊक होतं.

"कोन?"

तिने मान हलवली. सांगायचं नव्हतं की माहीत नव्हतं, त्याने पुन्हा विचारलं नाही.

कडी त्याने घरच्या चौकटीच्या सवयीने बाहेरच्या बाजूला धरली होती. ती काढली, दार फिरवलं आणि आतल्या बाजूला बसवली. खिळे लागत होते त्यापेक्षा जास्त ठोकले.

"आत जा. लावून पाय."

ती आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला.

सुकलूने दारावर तळहात ठेवून ढकललं. दार हललं नाही. त्याने खांदा लावला.

"लागली, मामाजी," ती आतून म्हणाली.

त्याने पाय जमिनीत रोवले आणि रात्री दारू पिऊन आलेला माणूस ढकलेल तसं, सगळ्या अंगाने, पुन्हा एकदा ढकललं.